लोखंडी माणूस काय म्हणाला

हे कुणालाच पटणार नाही, पण कोठी भागातल्या दवाखान्यात मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. शेजारच्या बाकावर सून, सासरे आणि बालवाडीतला नातू बसले होते.

"मामंजी, आजपासून केबल बंद. बबलू रोज रात्री किंचाळत उठतो."

"केबल कायकू बंद, त्रिवेणी? सगळ्या घरानं मिळून बघायची मालिका आहे ती. परग्रहावरचं एक साधं कुटुंब."

"आई, त्यांचा लोखंडी माणूस पोरांची हाडं दळतो."

"ऐकलंत?"

"विज्ञान आहे ते. हाडांच्या पिठावर त्यांचं यान चालतं."

"सगळ्या पोरांची नाही, आई. दूध सांडणाऱ्यांचीच."

"दूध सांडणाऱ्यांची?"

"आणि आजोबांचा चष्मा लपवणाऱ्यांची."

"मामंजी, हे सगळं त्या मालिकेत आहे?"

"तर काय. तो लोखंडी माणूस स्वच्छ इंग्रजीत बोलतो. मी शब्दन् शब्द बबलूला मराठीत सांगतो. बंद केलीस तर पोराचं इंग्रजी कच्चं राहील बघ."

"मामंजी, तुमची सगळी शाळा उर्दूत झाली. औषधाच्या बाटलीवरचं नावसुद्धा तुम्ही माझ्याकडून वाचून घेता."