एस्तेरबाईंचा चेहरा

पाळक साहेब, मंडळीतल्या बंधुभगिनींनो, आणि एस्तेरबाईंच्या दवाखान्यातून आलेल्या सगळ्यांनो,

छावणीतल्या या हॉलमध्ये मी पुष्कळदा बोललोय. शिक्षक माणूस, त्यात मंडळीचा वडील. मला कधी कागद लागला नाही. आज लिहून आणलंय, पण ते वाचणार नाही. कागद ठेवतो बाजूला. जे झालं ते सांगतो.

एस्तेरबाईंची भाची रूथ इथं समोर बसलीय. तिनं मला त्यांच्याबद्दल चार शब्द बोलायला सांगितलं. रूथ, चार शब्द चांगलेच बोलायचे असतात. पण मला आधी कबुली द्यायचीय. पोरी, ऐकून घे. तुम्हीही सगळे ऐकून घ्या.

एस्तेरबाई एकोणीस वर्षांच्या होत्या तेव्हा स्टोव्हचा भडका उडाला. डावा गाल, कान, मान जळाली. डोळा खाली ओढला गेला, ओठ वाकडा झाला. तुम्ही सगळ्यांनी त्यांना तसंच पाहिलंय. बऱ्या झाल्या आणि नर्सिंग शिकल्या. शिकून कामाला कुठं गेल्या? जळीत वॉर्डात. मागून घेतला तो वॉर्ड. निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिल्या.

रविवारी त्या इथं बालवर्ग घ्यायच्या. लेकरं त्यांना मावशी म्हणायची. मी संडे स्कूलचा प्रमुख होतो. एकदा एक नवं कुटुंब आलं. त्यातली आई मला म्हणाली, "सर, माझं लेकरू त्यांना बघून घाबरतं." मी त्या लेकराला विचारलं का? नाही विचारलं. वर्गात जाऊन बघितलं का? नाही बघितलं. मी सरळ एस्तेरबाईंना गाठलं. म्हणालो, "बाई, तुम्ही जरा मागं चहा-नाश्त्याकडं लक्ष द्या. वर्ग दुसरं कुणी घेईल."

त्यांनी कारण विचारलं नाही. त्यांना कळलं होतं. "बरं सर," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या रविवारी बालवर्ग रिकामा. सगळी लेकरं मागं स्वयंपाकघरात, मावशीच्या भोवती. आणि ज्याची तक्रार होती ना, ते लेकरू तिच्या मांडीवर बसलं होतं. मी दारातून बघितलं. बघितलं, आणि मी काय केलं? लेकरांना रागावून वर्गात परत नेलं. बोललेला शब्द मागं घ्यायची लाज वाटली मला. त्या वेळी लाज वाटायची ती भलत्याच गोष्टीची वाटली.

त्यानंतरचा पुनरुत्थानाचा रविवार, ईस्टरचा. पाळक साहेब आजारी होते, म्हणून संदेश मी दिला. विषय होता, स्वर्गात आपण कसे दिसू. मी पुष्कळ वाचून आलो होतो. जुन्या शिक्षकांचं मत सांगितलं. तिथं म्हातारा म्हातारा राहत नाही, तान्हं लेकरू तान्हं राहत नाही. प्रभू पृथ्वीवर होता त्या वयाचे, तेहतिशीतले, सगळे होतील. लोक खूष. आपले शमुवेल आजोबा होते तेव्हा, ते मधेच म्हणाले, "सर, दात येतील का?" सगळा हॉल हसला. मलाही जोर चढला. मी म्हणालो, "दात येतील, दृष्टी येईल. आपल्या एस्तेरबाईंना सुद्धा कोराकरकरीत नवा चेहरा मिळेल!"

नाव घेऊन म्हणालो. भर मंडळीत. आणि सगळ्यांनी वळून त्यांच्याकडं बघितलं.

मला वाटलं मी दिलासा दिला. खरंच तसंच वाटलं मला.

उपासना सुटल्यावर त्या माझ्याकडं आल्या. "सर, एक विचारू का? तिकडं नवा चेहरा घ्यावाच लागतो का?"

मी हसलो. "बाई, लोक तर त्याची वाट बघतात."

"माझ्या वॉर्डात पोरी मरतात, सर. वीस वर्षांच्या, बावीस वर्षांच्या. काहींच्या जवळ घरचं कुणी नसतं. शेवटाला त्या माझ्याकडं बघत असतात. हेच तोंड बघतात. मी त्यांना म्हणते, तू हो पुढं, मी येतेच मागनं. आता मी छान गोरीगोमटी होऊन तिकडं गेले, तर त्या मला ओळखतील कशा?"

काय उत्तर होतं माझ्याकडं? पुस्तकातलं होतं. मी म्हणालो, "तिथं ओळखीची गरज नाही. तिथं सगळे प्रभूकडं बघत असतात."

त्या म्हणाल्या, "पण प्रभूनं तर हातावरच्या खिळ्यांच्या खुणा तशाच ठेवल्या ना, सर? कबरेतून उठल्यावर सुद्धा. त्या शंका घेणाऱ्या शिष्याला म्हणाला, बोट लावून बघ. त्यालाही वाटलं असेल, खुणा पुसल्या तर माझी माणसं मला ओळखायची नाहीत."

मी घड्याळात बघितलं. "पुढच्या वेळी बोलू," म्हणालो.

पुढची वेळ मी येऊ दिली नाही. त्या दर रविवारी दिसायच्या, पण मी विषय काढला नाही. एका नर्सबाईनं मला असा प्रश्न विचारला की माझं सगळं वाचन उघडं पडलं. ते मला सोसलं नाही.

आता मागच्या आठवड्याचं सांगतो. एस्तेरबाई सकाळी गेल्या. शांतपणे गेल्या. दफनविधीची तयारी माझ्याकडं आली. रूथच्या घरातल्या जुन्या अल्बममधून मी त्यांचा अठराव्या वर्षीचा फोटो काढला. दोन वेण्या, गोल चेहरा. भाजण्याच्या आधीचा. म्हणालो, हाच मोठा करून आणा. रूथ म्हणाली, "काका, या आत्याला मी कधी बघितलेलंच नाय. हा नको." मी तिला गप्प केलं. म्हणालो, "आता त्या तिकडं अशाच दिसत असतील." आणि शवपेटी बंद ठेवा असंही मीच सांगितलं. म्हटलं, आलेल्यांना त्रास नको.

कुणाला त्रास होणार होता? विचारा मला. मलाच होणार होता.

दुपारी चर्चच्या दारात एक बुरख्यातली बाई आली. तिनं फोटोकडं बघितलं. पेटीकडं बघितलं. पुन्हा फोटोकडं बघितलं, आणि मागं वळली. मी दाराशीच उभा होतो. मला वाटलं, वाट चुकलेली असेल. मी विचारलं सुद्धा नाही, बाई, कुणाला शोधता?

त्या राबियाबी होत्या. पाचोडच्या. तिथल्या बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे. वीस वर्षांमागं त्या भाजून या शहरात आल्या होत्या. चार महिने एस्तेरबाईंनी त्यांच्या जखमा धुतल्या, पट्ट्या बदलल्या. तेव्हापासून त्या एस्तेरबाईंना बाजी म्हणायच्या, थोरली बहीण. दफनाच्या दिवशी निरोप मिळाल्यावर दुकान तसंच टाकून एसटीनं आल्या, आणि फोटो बघून त्यांना वाटलं ही दुसऱ्याच कुणाची मय्यत आहे. त्या छावणीतल्या दुसऱ्या चर्चवर गेल्या. तिथं विचारलं, पुन्हा इकडं आल्या, मग दफनभूमीत आल्या. तोवर आम्ही माती दिली होती.

रूथनं त्यांना ओळखलं. माझ्याकडं आणलं. मी त्यांना सगळं खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तोंडावरचा कपडा वर केला, आपला गाल मला दाखवला. म्हणाल्या, "सर, मेरी आँख खुली तो पैले बाजी को देखी. सोची, ये जी रई, हँस रई, तो मैं भी जिऊँगी. आखरी बार वोइच मुँह देखना था मेरेको. बस, इत्ताच था."

इत्ताच था. तेवढंही मी होऊ दिलं नाही.

राबियाबी, तुम्ही आज पुन्हा आलात. तिसऱ्या रांगेत बसलात. तुमची माफी मी एकट्यात मागितली होती. पण चूक चारचौघांत केली, तर माफीही चारचौघांतच मागायला हवी. मला माफ करा. रूथ, तूही माफ कर. त्या वर्गातली लेकरं आता मोठी झालीत, काही जण इथं आहेत. मला माफ करा, रे.

आज इथं जो फोटो लावलाय तो राबियाबींच्या मोबाइलमधला आहे. त्यांच्या मुलीच्या लग्नातला. एस्तेरबाई हसतायत, डावा गाल आपल्याकडं करून.

तुम्ही विचाराल, सर, मग स्वर्गात त्या कशा दिसतील? किती वयाच्या असतील? मला माहीत नाही. आयुष्यभर या विषयावर बोललो आणि मला माहीत नाही. एवढंच माहीत आहे की तिकडं कुणी कुणी त्यांची वाट बघत असेल, आणि त्या पोरींच्या आधी त्यांच्याकडं धावत जायचा हक्क आपल्यातल्या कुणालाही नाही. मला तर नाहीच.

अजून एक सांगून थांबतो. प्रभुभोजनाला मी इतकी वर्षं एस्तेरबाईंपुढं भाकरीची थाळी धरली. त्यांचा हात मला पाठ आहे. करंगळीचं वाकडं नखसुद्धा. कारण मी दर वेळी फक्त हाताकडं बघायचो. नजर वर नेली नाही. एकदाही नाही.

आता आपण दोन मिनिटं उभं राहू या. एक विनंती आहे. आपण प्रार्थनेला डोळे मिटतो. आज कुणी मिटू नका. मीही मिटणार नाही. उभे राहा, आणि त्यांच्याकडं बघा.

एस्तेरबाई, सलाम.