मुकुंदभाऊचा डब्बा कपाटात नाही जाणार

बसलेल्या सगळ्याइले राम राम. मले बोलता येत नाही अशातला भाग नाही. मुकुंदभाऊ गेले, म्हणून आज बोलवत नाही. रडू आहे आन् रागही आहे. पण वहिनीनं, म्हणजे भाऊच्या बायकोनं सांगितलं, सुदामभाऊ, तुम्ही बोला. म्हणून उभा राह्यलो.

मी सुदाम राठोड. घाटंजीपासून आत आमचा तांडा आहे. दिवसा वावरात असतो, संध्याकाळी परवान्याच्या वायरलेसवर, म्हणजे हॅम रेडिओवर बोलतो. हे येड मले मुकुंदभाऊनं लावलं. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेला माणूस, आन् माणूस काही गोड नव्हता. मले रोज शिव्या देत होते. खोटं कायले बोलू?

आता आपल्या वायरलेस मंडळाचे अध्यक्षसाहेब बोलले. म्हणे, मुकुंदराव म्हणजे मंडळाचं भूषण. वा रे वा. जित्तेपणी याच खुर्चीवरून त्याइले डब्बेवाला म्हणत होते ना तुमी? नावडतीचं मीठ अळणी. भाऊनं काहीही बनवलं की तुमाले हसू येत होतं.

काय होता तो डब्बा? फरसाणाचा पत्र्याचा डब्बा. आत एक डायोड, हातानं गुंडाळलेली कॉइल, जुन्या टेपरेकॉर्डरची सुई. वर सायकलची तार. अँटेनातून वायरलेसच्या लहरी निघत असल्या तर सुई हलते, नसल्या तर नाही हलत. बस, इतकंच.

मांगच्या पावसाळ्यात आमच्या नाल्याले पूर आला. रस्ता गेला, मोबाइलचा टॉवर गेला. माही याडी, म्हणजे आई, छाती धरून बसली होती. मी वायरलेसवर मंडळाले हाका मारून राह्यलो. मारून राह्यलो, मारून राह्यलो. कोणीच बोलत नव्हतं.

आन् इकडे मंडळाच्या हॉलमध्ये काय चालू होतं? अध्यक्षसाहेब विकतचं मीटर पाहून राह्यले होते. मीटर दाखवे की सेटनं पाठवलेलं अँटेनाकडून परत फिरून काहीच येऊन नाही राह्यलं, म्हणजे सारं वर हवेत गेलं, सारं ठीक. सगळे सभासद माना हलवून राह्यले. तांड्यावरूनच कोणी बोलत नसन, म्हणे.

मुकुंदभाऊ पावसात बाहेर गेले. अँटेनाखाली डब्बा धरून उभे राह्यले. आतून सेटवर बोलायले लावलं. डब्ब्याची सुई हलेचना. भाऊ आत आले आन् बोलले, "परत येत नाही, कारण वर जाऊनच नाही राह्यलं."

अँटेनावरून सेटकडे येणाऱ्या केबलीत पाणी शिरलं होतं. भाऊनं ती कापली तं धार लागली. जे पाठवलं ते केबलीतच मरे, जे आलं तेही केबलीतच मरे. आन् मीटर म्हणे, सारं ठीक. नवी केबल लावली, आन् पहिला आवाज आला तो माहा. मंग ट्रॅक्टर निघाला, डॉक्टर आला. याडी वाचली.

त्यानंतर तरी अक्कल आली? कायची अक्कल. वर्तमानपत्रात फोटो आला तो मीटरचा, बाजूले अध्यक्षसाहेब हसून राह्यलेले. भाऊनं तो पाहिला आन् पेपर घडी करून ठेवून दिला. मले मात्र आजही तो फोटो आठवला की तळपायाची आग मस्तकात जाते.

आता म्हणतात, तो डब्बा काचेच्या कपाटात ठेवू, हार घालू. काहून? कोणी त्याले हात लावू नये म्हणून? पावसाळा तोंडावर आला आहे. तांड्या-तांड्यावरचे अँटेनाचे खांब तपासायचे राह्यले आहेत. ते कोण तपासणार, तुमचं कपाट?

काल भाऊच्या घरी गेलतो. वहिनीनं डब्बा फडक्यानं पुसून माह्यासमोर ठेवला. मले वाटलं, सांभाळायले देऊन राह्यल्या. तं त्या म्हणाल्या, "मी येते तुमच्याबरोबर. ती सुई मला वाचता येते. हे सेटजवळ बसले की बाहेरून सुई पाहून ओरडायला मीच असायची ना."

ऐकलं अध्यक्षसाहेब? कपाट रिकामं ठेवा. नाही तं तुमचं मीटर ठेवा त्यात, आन् घाला त्याले हार.

आता उठा सगळे. मोबाइल बंद करा. गोड बोललेलं भाऊले खपत नव्हतं, म्हणून जरा वेळ कोणी काहीच बोलू नका.

भाऊ, तुमच्या शिव्यांची लई आठवण येते. उद्या सकाळी पहिल्या खांबाखाली वहिनी उभ्या राहतीन. राम राम घ्या.