बापाचं नाव

सात रस्त्याच्या थांब्यावर गोजाबाई बार्शीच्या गाडीची वाट बघत होती. तिच्या मागं एक बाप-लेक बोलत उभे होते.

"ह्या कागदावर काय काढलंयस गं?"

"माझं नाव, आप्पा. कॉलेजात सांगितलंय, आपल्या नावाची अक्षरं आपणच घडवायची. उद्या भिंतीवर लावणार हायत."

"पायल बजाबाई? आईचं नाव घातलंस, बापाचं नाव कुटं हाय?"

"लई येळा काढून बघितलं."

"मग?"

"तुमचं नाव काढताना हात कापतो, आप्पा. रेघ सरळ येत न्हाय."



"घरी चल. तुला बघतो, तुझ्या आईलाबी बघतो."

गाडी आली.

"मी मागच्या गाडीनं येते."

"चढ म्हणलं की!"

गोजाबाईनं वळून पोरीचा हात धरला. तो गार पडला होता.

"ये गं, बार्शीपतुर माझ्याजवळ बस."