मोरू बांधावर उभा हाय

नाय नाय, मशीनला नावं ठेवायला जागा नाय — मशीन चांगलं हाय, माझ्या निलेशनं लेकरासारखं जपलंय — मी बोलतेय ते आतल्या गेमबद्दल. गेम भिकार हाय. तू रोह्यावरनं एवढ्या उन्हाचा गाडी मारत आलास, रामवाडीत तीन जणांना पत्ता विचारलास, म्हणून मला वाईट वाटतं. निलेश सकाळीच धाटावला शिफ्टला गेला, जाताना सांगून गेला — आई, दुपारी रितेश नावाचा पोरगा येईल, हे टीव्हीवरच्या गेमचं मशीन त्याला विकायचंय, दे. बाप होणार ना तो आता! सून बाळंतपणाला माहेरी गेलीय, तर म्हणतो घरात आता बाळाची खेळणी, बापाची नाय. आणि घरात दुसरं कोण खेळतंय, म्हणाला. बरोबर हाय, कोण खेळतंय! कोणीच नाय. मी दिलंच असतं. पण फसवून कोणाच्या गळ्यात काय मारू नये, व्हय की नाय? बस. ती खुर्ची नको, तिचा पाय हालतो.

काय वाईट हाय विचारतोस? कुठनं सुरू करू! पहिलं म्हंजे तो हीरो. नाव काय ते इंग्रजी हाय, जिभेवर बसत नाय, मी त्याला मोरू म्हणते — माझा धाकटा दीर मोरू असाच खांदे पाडून चालतो. तर हा मोरू ताडाएवढा कडा चढतो, उभाच्या उभा, पालीसारखा — आणि गुडघ्याएवढं कुंपण आडवं आलं की थांबला! शेळी ओलांडते, हा नाय. कितीही बटण दाब. बरं, मारामारी. दहा-दहा चोर घेरून उभे, हातात कोयते, आणि अंगावर येतात कसे? एकेक. बाकीचे नऊ आपले डुलत उभे, रेशनच्या रांगेत उभे असल्यासारखे. अशी भांडणं असती तर नळावर मी एकटीनं अख्खी आळी गार केली असती. आणि गावातली माणसं! प्रत्येकाला एकच वाक्य. दहा वेळा जा, दहा वेळा तेच. तसं आमच्या घरातलं माणूस पण दिवसभर ‘चहा ठेव गो’ एवढंच बोलतं, पण त्याला काय आम्ही विकायला काढलं नाय.

मी कुठं खेळते? निलेश खेळायचा तेव्हा भाकऱ्या थापता थापता जे दिसलं ते सांगते. सगळ्यात वाईट सांगू? मोरूला लागलं की तो मासा भाजून खातो, खाल्ला की जखम बरी. असू दे. पण त्या माशाला मीठ नाय रे! वीस वर्षं मी मिठागरात डोक्यावरनं मीठ वाहिलंय, मला विचार. चारी बाजूला समुद्र, वर रणरणतं ऊन, आणि अख्ख्या मुलखात एक मिठागर नाय. सगळा नकाशा फिरले मी — म्हंजे निलेश फिरला, निलेशनं सांगितलं. आणि चिखल! मोरू खाडीच्या चिखलात मांडीपर्यंत जातो, बाहेर येतो तर पाय लख्ख. आम्ही सहा-सहा वेळा धुवायचो तरी नखात राहायचा. तीन दिवस मी त्या चिखलात वाट शोधत — निलेश, निलेश शोधत होता —

त्या रिमोटकडं काय बघतोस? बटण झिजलंय? व्हय, ते उडीचं बटण. निलेश जरा जोरात दाबतो. आणि त्यावर पीठ — पीठ काय निलेशच्या हाताला नसतं? नसतं. बरं बाबा, मी खेळते. झालं? आठ महिने झाले. निलेशला ठाऊक नाय आणि तू सांगायचं नाय. तो कंटाळून मध्येच सोडून गेला, मी एक दिवस टीव्ही पुसत होते, बटण दाबलं गेलं आणि मोरू चालायला लागला — कड्याच्या दिशेनं! पडला असता तो. मी काय नुसती बघत बसू?

चांगलं हाय की! खोटं कशाला बोलू. ते पाणी ज्यानं काढलंय ना, त्याच्या हातावर साखर ठेवायला पायजे. सांजच्याला तिरकं ऊन पडतं खाडीवर, गवतातनं वारा जातो, बगळा एक पाय उचलून उभा — मी रिमोट मांडीवर ठेवते आणि बघत राहते. तो घोडा घे. शीळ घातली की हजर, डोंगराच्या टोकावर असलास तरी हजर. एसटी अशी येत असती तर माझ्या निलेशला गाडी घ्यावी लागली नसती. आणि सगळ्यात चांगलं म्हंजे मोरू मरतो पण परत उठतो. जिथं चुकलं तिथनंच परत सुरू, मागचं कोणी काढत नाय. हे मला फार आवडतं रे. असं कुठं मिळतं?

कुठवर पोचले? बांधापर्यंत. ते खाडीकाठचं गाव नाय काय, तांबड्या कौलांचं — तू तिथं गेलायस? म्हंजे पुरा खेळलायस तू, मित्राकडं? मग तुला कळेल. गावाला बांध हाय, बांधाला उघाडी. उघाडी ठाऊक नाय? तुम्ही वरची माणसं. उघाडी म्हंजे बांधातलं दार — भरती आली की बंद, ओहोटी लागली की उघडं, पावसाचं पाणी बाहेर जातं, खाडीचं आत येत नाय. तर त्या उघाडीखाली पेटी हाय, पेटीत तलवार, आणि गावचा म्हातारा मोरूला सांगतो, दांडा ओढ, दार उचल. सुनेनं मला वाचून दाखवलं. पण बाहेर तर भरती! बांधाच्या गळ्यापर्यंत पाणी! आता भरतीला कोण उघाडी उचलतं? म्हणून मी मोरूला बांधावर उभा केलाय. ओहोटी लागली की उचलू. हसतोस काय? पाच महिने झाले, उभा हाय.

मी एकटी नाय ठरवलं ते. आमचे हे — गुणाजी म्हणतात त्यांना, आमच्या गावाला उघाडी यांच्याच ताब्यात होती — हे पण बसतात दुपारी माझ्याबरोबर. आता बाजारात गेलेत, येतील. रोज विचारतात, बायजा, भरती हाय काय गो अजून? मी म्हणते, हाय. मग थांब, म्हणतात. बस, एवढंच. चहा पितो आणि दोघं पाण्याकडं बघत बसतो. आधी दुपारची आम्ही दोघं असे बसायचो नाय. हे ओटीवर, मी आत.

कशाला उघडायची नाय ते मला ठाऊक हाय ना! मी उघडलीय. खरीखुरी. नवीन लग्न झालेलं, आश्विन महिना, भात पोटरीला आलेलं, आणि मला कोलंबी खायची हौस. भरतीबरोबर कोलंबी दाराशी येते, नुसती उसळते. हे जेवायला घरी गेलेले. मी फळीखाली दांडकं घातलं, दार हातभर उचललं, मागं जाळं धरलं — पाव तास, म्हटलं, कोणाला कळतंय. दांडकं अडकलं. निघेना. मी घाबरले आणि पळाले. चार घरांचं भात खारं पाणी लागून करपलं. गावानं यांना उभं केलं, म्हणाले जेवायच्या नादात दार लावायला विसरलास, आणि उघाडी काढून घेतली यांच्याकडनं. हे एक शब्द बोलले नाय. मी पण नाय बोलले. पस्तीस वर्षं. आणि आज तुला सांगून बसले, ना ओळख ना पाळख! तुझं तोंडच तसं हाय, भोळं, माणूस बोलत सुटतं.

यांना? नाय सांगितलं. परवा मात्र एक झालं. मी सहज म्हटलं, अवो, उचलू काय दार, कंटाळा आला. तर म्हणतात, कशाला, कोलंबी पायजे काय? आणि हसले. मोरूच्या गेममध्ये कोलंबी कुठाय, सांग मला! मी मनाशी ठरवलंय — गेममध्ये ओहोटी लागली की त्याच दिवशी सांगून टाकायचं. म्हणून मशीन जायला नको, कळलं? आणखी एखादा महिना. तुझ्या मित्राच्या गेममध्ये किती दिवसांनी लागली ओहोटी?

काय नाय? नाय म्हंजे?

लागतच नाय? कधीच? त्या पाण्याला भरती-ओहोटीच नाय... नुसतं काढलेलं हाय. आणि दांडा ओढला की? गाव बुडतं. कोणी ओढला तरी बुडतं, ती पुढची गोष्टच तशी हाय.

म्हातारा मोरूला सांगतो दांडा ओढ, आणि गाव बुडतं. आणि तू ओढलास. मुकाट्यानं ओढलास! तांबड्या कौलांच्या त्या दारात एक बाई उभी असते रोज, हात करते मोरूला, तिला बघितलं नाय तू? एवढं पाणी काढलं त्या माणसानं, बगळा काढला, गवत काढलं, आणि ओहोटी काढायची विसरला. हा सगळ्यात मोठा दोष, लिहून ठेव. बाकीचे मी उगाच सांगितले, तू जावंस म्हणून.

नाय विकायचं. कारण काय सांगशील निलेशला? सांग, म्हातारी डोक्यानं जरा अशीतशीच वाटली. माझं मी बघते त्याच्याशी. मोरू राहू दे उभा, पाय काय दुखत नाय त्याचे. पण मला आता उभं राहून चालायचं नाय रे. ओहोटीची वाट बघत बसले असते मरेपर्यंत.

गप, गप. चपला वाजल्या. हे आले. कोलंबीचं एक अक्षर नाय, आणि ओहोटीचं तर अजिबात नाय — ते मी सांगीन. — काय नाय अवो, पत्ता चुकलाय या पोराचा, पाणी प्यायला थांबला. पिशवी द्या इकडं. काय? ... व्हय, हाय अजून भरती. बसा, लावते. नाय, थांबा, चहा मागनं, आधी बसा. मला तुम्हाला एक सांगायचंय — जुनं हाय, पस्तीस वर्षांचं — हसू नका आधीच, ऐकून तरी घ्या! — तू काय बघतोस रे उभा? चल, नीघ. दार ओढून घे जाताना.