देवाच्या गाडीत कुठलं पेट्रोल?

मंडळी, ऐका! आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. उत्तर टाळकऱ्यांनीही द्यायचंय, नुसते टाळ धरून बसायचं नाही.

देवाच्या गाडीत पेट्रोल कुठलं घालावं? साधं, की ते भारीतलं — शंभर नंबरचं?

हसा, हसा! मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "बुवा, आज कीर्तन आहे का पंपाचं उद्घाटन?" अरे, देव गाडीत बसला की पेट्रोल हा परमार्थाचा प्रश्न होतो! आणि त्याच्या पोटात खरा प्रश्न आहे तो असा — देवाला भारी वस्तू दिली, म्हणजे आपण देवाच्या जवळ जातो का? सांगा! बरं, मग गोष्ट सांगतो तुम्हाला.

गाव माणदेशातलं. नाव सांगणार नाही, त्या गावचे पाव्हणे इथं बसलेले मला दिसतायत. डोंगरावर भैरोबाचं मूळ ठाणं, खाली गावात देऊळ. चैत्रात देवाची पालखी खालून वर जायची. पूर्वी बैलगाडीतून. आणि त्या बैलांची वैरण एका घराची नाही बरं का! घराघरांतून मूठमूठ पेंड, पेंढी-पेंढी कडबा. ज्याच्या घरात काहीच नाही, त्यानं बैलांना पाणी दाखवायचं. म्हणजे देव वर न्यायचा तो अख्ख्या गावानं.

पुढं बैल गेले. गाडी आली — छोटी पिकअप, पेट्रोलवरची. आता पिकअप काय पेंड खाणार? मग गावानं काय केलं? या लोकांची अक्कल बघा! पालखीच्या आदल्या दिवशी एक पत्र्याचा कॅन गावभर फिरवायचा. प्रत्येकानं आपल्या मोटरसायकलची नळी काढायची, तांब्याभर पेट्रोल धरायचं आणि कॅनमध्ये ओतायचं. कॅनच्या पुढं एक माणूस ओरडत चाललाय, "विड्या विझवा रे, देवाचं पेट्रोल येतंय!" अहो, एवढी शिस्त आमच्या कीर्तनातसुद्धा नसते!

ही पिकअप द्वारका झिमलची. नवऱ्यानं घेतली, त्याची कंबर गेली, तेव्हा हिनं स्टेअरिंग धरलं. एरवी डाळिंबाचे क्रेट वाहायची. पण चैत्रातला तो एक दिवस आला की गाडी धुवायची, पुढं झेंडूची माळ, आणि देव मागं घेऊन घाट चढायची. त्या दिवशी बाईचा चेहरा बघावा! वर्षभर जिला लोक 'ए पिकअप' म्हणून हाक मारतात, तिला त्या दिवशी म्हणतात, "द्वारकाताई, सावकाश हं." तिला आयुष्यात मिळालेला तेवढाच मान. लक्षात ठेवा, कारण तोच आता जाणार होता.

झालं काय, की मागच्या साली घाटाच्या अवघड वळणावर गाडीनं धापा टाकल्या, हिसका दिला आणि बंद पडली! मागं पालखी, देव कलला, छत्री खाली. गावात कुजबुज सुरू. कुणी म्हणालं, बाईच्या हातात दिली म्हणून. कुणी म्हणालं, कोप झाला. देव कशाला कोपतोय, नावं ठेवायला आपल्यासारखी माणसं आहेतच की!

या सालच्या बैठकीत आबासाहेब इंगवले उठले. गावचे पहिले मानकरी, दारात दोन मोठ्या गाड्या. म्हणाले, "दोष बाईचा नाही, पेट्रोलचा आहे. दहा घरचं उष्टं पेट्रोल. कुणाच्या टाकीत काय असतं कुणाला माहीत? या साली कॅन फिरवायचा नाही. देवाला शंभर नंबरचं पेट्रोल माझ्याकडून. आणि बाई ऐकत नसेल, तर गाडी दुसरी बघू."

टाळ्या! आमच्याकडं फुकटाला टाळी लगेच पडते.

द्वारका म्हणाली, "आबासाहेब, माझ्या गाडीला साधंच चालतं. कंपनीनं तसंच केलंय तिला. भारीतलं घातलं तर बिघडणार न्हाई, पण चढणार बी न्हाई जास्त."

"तू आता आम्हाला शिकव," कुणीतरी म्हणालं, आणि बैठक हसली.

आता मंडळी, इथं जरा थांबू. हा शंभर नंबर म्हणजे काय? लोकांना वाटतं ताकद. नाही! मी एका मेकॅनिकला विचारलं, तो माझ्या मागच्या कीर्तनात झोपलेला होता, म्हणून मला ओळखीचा. तो म्हणाला, बुवा, नंबर म्हणजे पेट्रोलचा दम. इंजिनात पेट्रोलला दाबतात. हलकं पेट्रोल दाबलं की ठिणगीच्या आधीच भडकतं, आणि टक-टक-टक करून यंत्राला मारतं. वरच्या नंबरचं दाब सोसतं. ठिणगीची वाट बघतं. ज्या इंजिनात दाब मोठा, त्याला ते पाहिजेच. पण जिथं दाबच बेताचा, तिथं साधंच पुरतं.

अरे, हा तर अध्यात्माचा धडा निघाला! मी तिथल्या तिथं ओळ बांधली. संतांची नाही, माझीच आहे, चालवून घ्या —

दाब सोसावा, भडकू नये. ठिणगी पडता, विझू नये.

म्हणा एकदा! ... अर्धीच म्हणालात. पहिला अर्धा सगळ्यांना पाठ असतो. "सोसावं बाई, सोसावं." लहानपणापासून तेवढंच शिकवलं. दुसरा अर्धा कुणी सांगितलाच नाही! अहो, जे दाबल्यावरही पेटत नाही आणि ठिणगी पडल्यावरही पेटत नाही, त्याला पेट्रोल म्हणत नाहीत. त्याला पाणी म्हणतात!

तर पालखीचा दिवस उजाडला. आबासाहेबांनी शहरातल्या पंपावरून पेट्रोल आणलं, स्वतःच्या डिझेलच्या गाडीतून! चकचकीत कॅन, त्याला हार. ध्वनिक्षेपकावर नाव चाललंय, "पेट्रोलचे मानकरी..." द्वारकानं देवाच्या पेट्रोलासाठी टाकी जवळजवळ रिकामी करूनच आणलेली. ती आपली माळ बांधतीय. दाब सोसतीय.

तेवढ्यात ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून सोपानतात्या ऐवळे आले. म्हातारा माणूस. हातात तांब्या, वर रुमाल झाकलेला. कॅन बंद केल्याचं वस्तीवर कुणी सांगितलंच नव्हतं. सांगावंसं वाटलंच नाही कुणाला. तात्यांनी कॅनची वाट बघितली, आला नाही, मग स्वतःच आपल्या जुन्या लुनातलं पेट्रोल काढून चालत घेऊन आले.

आबासाहेबांच्या भावकीतला एक पोरगा म्हणाला, "सोप्या, मागं हो. ते तुझ्या लुनालाच घाल. आज देवाच्या टाकीत उष्टं नको."

सोप्या! आपल्या बापाच्या वयाच्या माणसाला! तात्यांनी तांब्यावरचा रुमाल नीट केला आणि खरंच मागं वळले. त्यांना वळायची सवय होती, मंडळी. मला सांगायला लाज वाटते, पण त्यांना ती सवय होती.

आणि ठिणगी पडली!

द्वारकानं माळ तशीच सोडली, गाडीतून चावी काढली आणि कमरेला खोचली. म्हणाली, "टाकीचं झाकण ह्या चावीनं उघडतंय. तात्यांचा तांब्या पहिला पडंल. त्याच्यामागं ज्या घराला घालायचंय त्यानं घालावं. न्हाईतर पालखी माझ्या गाडीत चढणार न्हाई."

आबासाहेब म्हणाले, "मग पालखी माझ्या गाडीतून जाईल."

"घाला की," ती म्हणाली.

घालायला गेले हो! पण पालखीचा दांडा केवढा! काचेतून बाहेर येतोय, टपाला लागतोय, एकदा तर पुजाऱ्याच्याच डोक्याला लागला. देवानंच सांगितलं, मला बंद गाडीत बसायचं नाही.

आबासाहेब खालच्या आवाजात म्हणाले, "द्वारके, वर बंद पडली तर?"

"बंद पडली तर मी पुन्यांदा देवाच्या गाडीला हात लावणार न्हाई. गावानं सांगायची बी गरज न्हाई. पण वाटंत माझं ऐकायचं. गाडी माझी हाय."

बघा, तेवढाच मान होता तिचा आणि तोच तिनं पणाला लावला. तिनं तात्यांना हाक मारली, झाकण उघडलं आणि त्यांच्या हातानं तांब्या ओतून घेतला. मग काय विचारता! गावभर पळापळ! कुणी मोटरसायकलच पारावर आणून आडवी केली, कुणाला तांब्या सापडेना तर चहाची किटली! आणि शेवटी कोण आलं? आबासाहेबांची सूनबाई, स्वतःच्या स्कूटीचं पेट्रोल घेऊन. सासऱ्यांकडं न बघता म्हणाली, "आपल्या घरच्या गाड्या डिझेलच्या. आपला तांब्या कधी कॅनमध्ये पडलाच नव्हता, मामंजी."

आता कळलं दुखणं कुठं होतं? सगळ्या गावाचा वाटा त्या कॅनमध्ये आणि पहिल्या मानकऱ्याचा नाही! ते बोलता येईना, म्हणून शंभर नंबर आणला. माणूस वाईट नव्हता. वाट्याऐवजी मान मागत होता, एवढंच. शेवटी द्वारकानं त्यांच्या कॅनमधलंही तांब्याभर घेतलं. "तुमचं बी घेते. तांब्याभरच, सगळ्यांसारखं."

गाडी निघाली. घाटाच्या पायथ्याला आली आणि द्वारकानं ब्रेक दाबला. खाली उतरून मागं आली. मागं पालखी, आणि पालखीभोवती सगळे मानकरी फेटे बांधून दाटीवाटीनं उभे. छत्रीवाला, चवरीवाला, चोपदार, त्यांचे मेव्हणे, मेव्हण्यांचे पाव्हणे!

ती म्हणाली, "आता उतरायचं."

"कोण?"

"देव सोडून सगळ्यांनी."

"अगं, मानकरी चालत येतील?"

तिनं सांगितलं, आणि हे वाक्य मी घरी लिहून लावलंय: "बैलगाडी होती तवा हितंच उतरत होता की समदी. चाकाला हात लावत होता. बैलाचं डोळं दिसायचं तुमाला. इंजिनाला डोळं न्हाईत, म्हणून बसून ऱ्हायलात व्हय?"

म्हाताऱ्यांना आठवलं, खरंच, आपले बाप इथं चपला काढायचे आणि मागून गाडी लोटायचे. मागच्या सालीही असेच सगळे बसले होते, पण काही बोलली नव्हती ती. तेव्हा दाब सोसला होता. या साली नाही सोसला.

एकेक उतरला. आबासाहेब शेवटी उतरले, धोतर सावरत. गाडीनं पहिला गिअर घेतला, आणि ते लहानसं इंजिन गावभराचं मिसळलेलं, साधं, उष्टं पेट्रोल पीत अवघड वळण चढलं. हिसका नाही, धाप नाही! मागून सगळे चालत. सोपानतात्या आणि आबासाहेब गाडीच्या मागच्या एकाच फळीला हात लावून चालले होते, कारण फळी तेवढीच होती.

वर ठाण्यावर पालखी उतरली. आबासाहेब घाम पुसत आले आणि म्हणाले, "या साली पेट्रोल चांगलं लागलं म्हणायचं."

द्वारका झाकणाला चावी लावत होती. म्हणाली, "पेट्रोल मागल्या सालचंच हाय, आबासाहेब. तुमी उतरलात."

मंडळी, आता माझा प्रश्न तुम्हाला. हे समोर झुंबर लावलंय, त्यावर देणाऱ्याचं नाव देवापेक्षा मोठं. ही माझ्यामागं खुर्ची, सिंहासनासारखी. परवा कुणीतरी विचारत होतं, बुवा, या साली सप्ताहाला गर्दी का नाही? अजून मोठा मंडप घालू का? अजून भारी आवाज लावू का? अरे, शंभर नंबर झाला तो! नंबर वाढवून गाडी चढत नसते!

आधी बघा, गाडीत चढून कोण कोण बसलंय. घरात सूनबाई एकटी ओढतीय आणि मागं तुम्ही फेटा बांधून उभे. वस्तीवरचा माणूस तांब्या घेऊन दाराशी येतो आणि तुम्ही सांगता, पुढच्या वर्षी बघू. आणि ज्या बायाबापड्या सोसत आल्यात, त्यांना माझं सांगणं वेगळं आहे. चावी तुमच्या कमरेला आहे. ती आजच चाचपून बघा.

बाकीच्यांनी काय करायचं? मी सांगायला हवं का? आधी मीच ही खुर्ची सोडतो. हा बघा, खाली बसलो.

आता तुम्ही उतरा. आणि मग नाव घ्या भैरोबाचं, चांगभलं म्हणा — देवाला ऐकू येईल, त्याच्या भोवती आता गर्दी नाही.