चौदसीचा अडुळसा

(जुन्नरच्या बाजारपेठेतलं कांतीलाल शेठचं घर. दिवस कलला आहे. चुलीजवळ शेठची बायको उगमबाई; दारात मढचा शेतकरी संपत.)

उगमबाई : मध नाही चालणार, संपतभाऊ. आम्हा जैनांत मधाला हात लावत नाहीत.

संपत : मग गूळ टाका, भाभी. अडुळशाला कडूपणाचा लई गर्व, त्यो कशानंबी मोडत नाय.

कांतीलाल : खॉक, खॉक... आणि आज चौदस आहे, संपत. चौदसीला आम्हाला हिरवा पाला चालत नाही.

संपत : म्हून तर पिवळा, गळालेला आणलाय, शेठ. लई अवघड काम. चैतात आमचा आख्खा डोंगर बोडका, पर ह्यो नवरदेवागत हिरवागार. पिवळं पान हुडकता हुडकता बायकोनं दोनदा माझा बाप काढला.

उगमबाई : झाला काढा. जरा निवू द्या. पण दिवस मावळायच्या आत घ्यायचा, मग पाणीसुद्धा चालत नाही. उद्या सकाळी नगरचे पावणे सुमो करून येताहेत, आमच्या रिद्धीला बघायला.

कांतीलाल : खॉक... मागच्या पावण्यांना मी काही केलं नव्हतं. दोनदा खोकलो फक्त.

उगमबाई : त्यांनी विचारलं, घरात क्षय कोणाला आहे. चहा अर्धा टाकून उठले. पोरगी आतून ऐकत होती. दोन दिवस जेवली नाही.

संपत : मग आज ह्यो खोकला जातोच. आमच्या भागूच्या रेड्याचा गेला, तुमचा काय घेऊन बसलात?

कांतीलाल : रेड्यानं अडुळसा खाल्ला? जनावर तोंड लावत नाही, कुंपणाला लाव, असं तूच म्हणायचास.

संपत : आजबी म्हणतो. पावसाच्या तोंडावर काडी तोडायची, बांधावर तिरपी खोचायची आन् इसरून जायचं. खत नको, राखण नको. शेरडं वास घेऊन माघारी फिरत्यात. रेड्यानं तोंड लावलंच नाय.

कांतीलाल : मग?

संपत : त्याचा खोकला असा, का माळशेज घाटाच्या वळणावर भाजीचा ट्रक थांबला. डायवरला वाटलं, समोरून दुसरा ट्रक आला. त्यानं हारन दिला. रेडा खोकला. परत हारन, परत खोकला. दुपारपतोर दोघंबी मागं सरना.

कांतीलाल : उतरून बघायचं की.

संपत : ट्रकचा किलीनर उतरला ना. पर सवयीचा माणूस. रेड्याम्होरं उभा ऱ्हाऊन हात हालवाया लागला, येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे. असं करून रेडा मागल्या मागं थेट भागूच्या अडुळशाच्या कुंपणात घातला.

कांतीलाल : रिव्हर्समध्ये?

संपत : रिव्हर्समधी. सगळा पाला अंगाखाली चिरडला, रस नाकात गेला. तवापासनं रेडा गप. इतका गप, का बाजारात मुका म्हून कुणी घेईना.

कांतीलाल : मुका तर मुका. माझ्या गल्ल्यावर बसव, गिऱ्हाइकाशी भांडणार तरी नाही.

उगमबाई : अहो.

कांतीलाल : थांब गं. ट्रकचं काय झालं?

संपत : त्यो तिथंच. डायवर म्हनं, समोरच्यानं हारन दिल्याबिगर म्या कसा जाऊ?

उगमबाई : अहो, दिवस मावळला.

कांतीलाल : काय?

उगमबाई : काढा आहे तसाच आहे.

संपत : अरारा. भाभी, ही जीभ एकदा छाटून बांधावर खोचली पायजे. तितंबी रुजंल.

कांतीलाल : आता उद्या सूर्य वर आल्याशिवाय काही घेता यायचं नाही. तोवर पावणे दारात. खॉक, खॉक...

उगमबाई : एक सांगू? रेडा घाटात शिरल्यापासून तुम्ही एकदाही खोकला नव्हतात.

कांतीलाल : खॉक... नव्हतो?

उगमबाई : गोष्ट संपली आणि सुरू झालात.

संपत : चला, म्या निघतो. मढची गाडी जाईल.

उगमबाई : जाऊ द्या तिला. ओसरीवर अंथरूण घालते. उद्या पावण्यांत तुम्ही यांच्या शेजारी बसायचं.

संपत : म्या? कोण म्हून?

उगमबाई : घरोब्याचे म्हणून. त्यात खोटं काय? आणि हा काढा तुम्हीच पिऊन टाका, आमच्यात शिळं ठेवत नाहीत. उद्या घसा तुमचा टिकला पाहिजे.