ताईचं जेट आणि माझा हात

...आता मला सांगा, माणसानं आंघोळीला जावं आणि बादलीत विमानाचा पंख सापडावा? का, तर गरम पाण्यात फोम छान वाकतो म्हणे! म्हणजे पंखाची आंघोळ आधी, माझी नंतर. सोफ्यावर शेपूट, इस्त्रीच्या टेबलावर धड, आणि फोमचा पांढरा भुगा तर असा, की ऑफिसात साहेब विचारतात, "कोंडा फार झालाय का हो तुम्हाला?" पण बोलणार कुणापुढे? ताईपुढे?

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. साठी उलटलेली. मेहुणे गेले तेव्हा मीच तिला आमच्याकडे घेऊन आलो. आली आणि खोलीत जाऊन बसली ती बसलीच. हाक मारली की जेवायला यायची, चार घास खायची, पुन्हा आत. भांडण नाही, रडणं नाही... अहो, जिनं लहानपणी माझा कान पिळून पिळून लांब केला, ती मला साधं "गाढवा" म्हणेना! तुम्हाला सांगतो, घाबरलो मी.

मग एकदा नवा फ्रिज आला. फ्रिजकडे बघितलंच नाही तिनं! खोक्यातला फोम उचलला, हातात तोलला, वाकवून बघितला नि म्हणाली, "हा टाकू नका हं." झालं! जन्मभर पुलांचे नकाशे काढलेली बाई ती. भिंतीवर कागद लागले, तापलेल्या तारेनं फोम सपासप कापला जायला लागला. पोटात मोटर, पंखा, बॅटरी, हातात रिमोट. मी आपलं सहज म्हटलं, "ताई, खेळणं झकास झालंय." चष्म्यावरून असं बघितलं... "जेट आहे ते." बोलणार कुणापुढे?

आणि खरं सांगू? देखणं होतं हो! टोकदार नाक, मागे झुकलेले पंख, पॉलिशपेपरनं घासून घासून अंग असं गुळगुळीत केलेलं, की मी चोरून हात फिरवून यायचो!

रविवारी सकाळी निघालो मैदानावर. तिथे विमानं उडवणाऱ्यांचा क्लब. सेक्रेटरी गळ्यात शिट्टी अडकवून आले. नाकातून बोलतात ते. "काऽकू, घरगुती जेट उडत नसतं हो. पडतं." ताई म्हणाली, "बघू." आता जेटला चाकं नाहीत, कुणीतरी हातानं फेकायचं. ताईचे दोन्ही हात रिमोटवर. बायको आधीच चार पावलं मागे. राहिलं कोण? मी!

"नाक किंचित वर ठेव. सरळ फेक," ताई म्हणाली. पंखा सुरू केला, आणि ते जे काय किंचाळलं माझ्या कानाशी... दचकलो हो! दचकून फेकलं ते थेट जमिनीत. खच्च! नाक आत, शेपूट वर. मला वाटलं, संपलं. आता ही पुन्हा खोलीत जाऊन बसणार, आणि या वेळी माझ्यामुळे...

"गाढवा!"

काय गोड वाटलं म्हणून सांगू! "गाढवा, फेक म्हटलं होतं, पेर नाही!" आणि हसायला लागली. पोट धरधरून. तिच्याबरोबर बायको हसली, आणि मी उभ्या उभ्या रडलो.

नाक चिकटवलं, वर टेप गुंडाळला. "चल, पुन्हा." बोलणार कुणापुढे? फेकलं! जरासं खाली बसलं... आणि चढलं की हो! वळलं, उलटं झालं, आमच्या डोक्यावरून सूंऽऽ करत गेलं, सेक्रेटरींच्या तोंडातली शिट्टी गळून पडली! मी मात्र विमान सोडून ताईकडे बघत होतो. ताठ मान, डोळे आभाळात, अंगठे नुसते टेकल्यासारखे... आणि गवतावर असं अलगद उतरवलं, जसं झोपलेलं लेकरू कडेवरून खाली ठेवावं. सेक्रेटरी धावत आले, नाकातूनच, "ताऽईसाहेब, आमच्या विमानाचं जरा बघता का?"

आता दर रविवारी जातो. ताईला क्लबात मान, आणि मलाही हुद्दा मिळालाय: "हे ताईंचे फेकणारे." ऑफिसात सांगितलं, माझी बहीण या वयात स्वतः जेट बनवते, उडवते, हवेत कोलांट्या मारायला लावते... साहेब हसले. म्हणाले, "फेकताय राव!"

आता खोटं कसं म्हणू? फेकतोच की मी.